एकाच गणिताची तीन उत्तरं

१९८२च्या मे महिन्यात पूर्व लॉस एंजेलिसमधल्या गारफील्ड हायस्कूलची १८ मुलंमुली कॅल्क्युलसच्या परीक्षेला बसली आणि १८च्या १८ पास झाली. परीक्षा सोपी नव्हती. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावानं ती अमेरिकाभर घेतली जाते. शाळेत असतानाच ती चांगल्या गुणांनी पार केली, की बऱ्याच कॉलेजांत तो विषय पुन्हा घ्यावा लागत नाही. गारफील्डमधली बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांतली होती आणि त्यांना शिकवणारे हाइमे एस्कालान्ते मूळचे बोलिव्हियाचे. निकालानंतर परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं १४ जणांच्या उत्तरपत्रिका बाजूला काढल्या. एका प्रश्नात अनेकांची चूक अगदी सारखी होती. नक्कल झाली, असा संशय आला. त्या १४ जणांपैकी १२ जण उन्हाळ्याच्या शेवटी नव्या प्रश्नपत्रिकेला बसले आणि बाराही पास झाले.

सहा वर्षांनी या प्रकरणावर ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा सिनेमा निघाला आणि जगभरच्या शिक्षकांनी डोळे पुसत तो पाहिला. पत्रकार जे मॅथ्यूज यांनी एस्कालान्तेंवर पुस्तक लिहिलं, तेव्हा पहिल्या परीक्षेत एका प्रश्नापुरता कागद फिरला असावा, ही शक्यता त्यांनी झाकून ठेवली नाही. म्हणजे प्रकरण सिनेमात दिसतं तितकं धुतल्या तांदळासारखं नसावं. पण दुसऱ्या परीक्षेतल्या निकालाचं काय करायचं? कागद फिरवून मिळवलेलं ज्ञान तीन महिन्यांनी, नव्या प्रश्नांना पुरत नाही. त्या मुलांना कॅल्क्युलस येत होतं, हे खरंच होतं.

पेपर तपासणाऱ्या कुठल्याही मास्तरांना विचारावं. एका फळ्यावरून शिकलेली, शनिवार-रविवारी एकत्र बसून गणितं सोडवणारी मुलं चुकतातही सारखीच. बरोबर रीत जशी एका वहीतून दुसऱ्या वहीत जाते, तशीच चुकीची रीतही जाते. लांबून पाहणाऱ्याला नक्कल आणि मदत यांतला फरक दिसत नाही. दोन्हीकडे एका वहीवर वाकलेली दोन डोकीच असतात. तो फरक कळायला जवळ जाऊन बसावं लागतं, आणि बराच वेळ बसावं लागतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत १९७०च्या दशकात एक संशोधक विद्यार्थी असाच जाऊन बसला. त्याचं नाव युरी ट्राइसमन. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये तिथले कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येनं गळत होते. आधीच्या दहा वर्षांत त्यांच्यातल्या साधारण ६० टक्के मुलांना काठावरची ‘डी’ किंवा नापासाची ‘एफ’ श्रेणी मिळाली होती. तिथल्या पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस म्हणजे फार काही अगम्य नव्हे. लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या पुस्तकांत असतं, साधारण तेच. पण इंजिनिअरिंगपासून वैद्यकापर्यंतच्या वाटा या विषयावरून जातात, आणि इथं अडलेला मुलगा पुढं कुठंच जात नाही.

ट्राइसमन यांनी आधी विद्यापीठातल्या लोकांना कारण विचारलं. चार उत्तरं मिळाली. मुलांना ओढ नाही, पाया कच्चा आहे, घरून पाठबळ नाही, आणि परिस्थिती बेताची आहे. ही चारही उत्तरं सांगली-सोलापूरच्या एखाद्या स्टाफरूममध्येही अशीच्या अशी ऐकायला मिळाली असती. ट्राइसमन यांनी ती तपासून पाहिली आणि चारही टिकली नाहीत. ही मुलं आपापल्या शाळांत पहिली-दुसरी आलेली होती. त्यांना बर्कलीपर्यंत पोचवायला आईवडिलांनी जिवाचं रान केलं होतं. भरघोस गुण घेऊन आलेलेही पहिल्या सहामाहीतच कोसळत होते.

मग त्यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ती मुलं अभ्यास करतात कशी, हेच पाहायचं ठरवलं. दुसरा गट चिनी वंशाचा घेतला, कारण ती मुलं याच विषयात चांगली चालली होती. महिनोन्‌महिने ते या मुलांच्या मागावर राहिले, ग्रंथालयात, वसतिगृहात, घरी. जे दिसलं ते इतकं साधं होतं, की तोवर कुणी पाहिलं कसं नाही, याचंच नवल वाटावं. प्राध्यापक सांगत, वर्गातल्या दर तासामागे घरी दोन तास अभ्यास करा. कृष्णवर्णीय मुलं ते शब्दशः पाळत. आठवड्याला सहा ते आठ तास, खोलीचं दार लावून, एकट्यानं. २०पैकी १८ जण वर्गातल्या कुणाहीबरोबर कधीच अभ्यास करत नसत. एकट्याच्या बळावर पुढं आलेली ही मुलं होती. मित्रांचा गोतावळा बाजूला ठेवून अभ्यास केला म्हणूनच ती इथवर पोचली होती, आणि जी सवय इथवर घेऊन आली तीच इथं नडत होती.

चिनी वंशाची मुलंही आधी एकेकटी बसत, आठ ते दहा तास. त्यानंतर मात्र संध्याकाळी एकत्र जमत. काही वेळा जेवण एकत्र रांधत. मग वह्या उघडत. एकमेकांची उत्तरं पडताळायची, इंग्रजीही सुधारायचं. एकाचं उत्तर पाय आलं आणि बाकी सगळ्यांचं ८२, तर त्या एकाला कुणी सांगायची गरज पडत नसे. पण सगळ्यांची पाच वेगवेगळी उत्तरं आली, तर गणितच अवघड आहे हे उमगे आणि आपण ढ आहोत ही भीती जाई. एखादा थोरला भाऊ किंवा चुलतभाऊ येऊन परीक्षा घ्यायचा. जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात ठेवलेल्या असत, त्या काढून सोडवायच्या. काल रात्री किती वाजेपर्यंत बसलास, हेही एकमेकांना बिनदिक्कत विचारायचं. सहामाही परीक्षेच्या आधीच प्रत्येकाला आपण कुठं उभे आहोत, हे नेमकं ठाऊक असे. खोलीत एकटा बसलेल्याला ते पेपर हातात पडल्यावर कळे.

यावरून ट्राइसमन यांनी १९७८च्या सुमारास जे सुरू केलं, त्यातली खरी हुशारी कुणाच्या फारशी लक्षात येत नाही. आपल्याकडे असं काही करायचं म्हटलं, की ‘अप्रगत मुलांचा जादा तास’ अशी पाटी लागते आणि त्या पाटीखाली जाताना मुलं मान खाली घालतात. बर्कलीतही कच्च्या मुलांसाठी मदत केंद्रं होती. ही मुलं तिकडं फिरकत नसत. शाळेत दुसऱ्यांना गणित समजावून सांगणारी मुलं ती, त्यांनी मदत मागायला कशाला जायचं? म्हणून ट्राइसमन यांनी कार्यशाळेवर हुशार मुलांच्या वर्गाचा शिक्का मारला आणि गणितं नेहमीपेक्षा अवघड दिली. पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं उदाहरण एकट्यानं सुटतं. सुटलं की पोरं गप्प बसतात. या कार्यशाळेतल्या कागदावर मात्र अशी गणितं असत, की कुणाही एकाच्या हाताला सहज लागू नयेत. आधी प्रत्येकानं आपापलं डोकं चालवायचं, मग बोलायला सुरुवात. समोरचा शिक्षक उत्तर देत नसे, एखादा आडवा प्रश्न टाकून पुढच्या टेबलाकडं जाई. या कार्यशाळेतल्या मुलांचे कॅल्क्युलसचे निकाल बदलले आणि पुढं अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांनी ही पद्धत उचलली. १९९२मध्ये ट्राइसमन यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

अवघड गणितच का लागतं, हे कळायला बर्कलीपर्यंत जायची गरज नाही. बारावीच्या इंटिग्रेशनमधलं एक छोटं उदाहरण पुरे. साइन एक्स आणि कॉस एक्स यांच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन करा. एवढंच.

तीन जण तीन वह्यांत ते करतात. पहिला साइनला टी मानतो आणि त्याचं उत्तर येतं साइनवर्ग भागिले दोन. दुसरी कॉसला टी मानते, तिला मिळतं वजा कॉसवर्ग भागिले दोन. तिसऱ्यानं त्रिकोणमितीचं सूत्र नुकतंच घोकलेलं असतं. तो गुणाकाराचं अर्धं साइन टू एक्स करतो आणि त्याचं उत्तर वजा कॉस टू एक्स भागिले चार. यांतला कुणी एकटा बसला असेल, तर पुढं काय होईल ते ठरलेलं आहे. तो पुस्तकाच्या मागच्या पानावरची उत्तरसूची उघडेल, आपलं उत्तर तिथं नाही असं बघेल, आणि बरोबर सोडवलेलं गणित काट मारून खोडेल. महाराष्ट्रातल्या बारावीच्या वह्यांत अशी खोडलेली किती बरोबर उत्तरं असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

तिघं एकत्र असतील तर आधी भांडण होतं.

“तुझं मायनस कुठून आलं?”

“कॉसचं डेरिव्हेटिव्ह मायनस साइन. तू घेतलंच नाहीस.”

“मी कॉसला हातच लावला नाही, तर मायनस घेऊ कशाला?”

मग कुणीतरी म्हणतं, ताळा करून बघू. तिन्ही उत्तरांचं उलट डेरिव्हेटिव्ह काढलं जातं, आणि तिन्ही वेळा तोच गुणाकार परत हातात येतो. इथं दोन मिनिटं कुणी बोलत नाही. तिन्ही उत्तरं वेगळी आणि तिन्ही बरोबर, हे आजवरच्या गणिताच्या शिस्तीत बसत नाही. पाचवीपासून सांगितलेलं असतं, की बरोबर उत्तर एकच. शेवटी ज्याला सूत्रं पाठ असतात, त्याच्या ध्यानात येतं. साइनवर्ग म्हणजे एक वजा कॉसवर्ग. म्हणजे पहिल्या दोन उत्तरांत फरक फक्त अर्ध्याचा. तिसऱ्या उत्तरात आणि पहिल्यात फरक पाव. आकडा आहे, एक्स कुठंच नाही. आणि आकड्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य. वर्षभर सर प्रत्येक उत्तराच्या शेपटीला ‘अधिक सी’ लिहायला लावत होते आणि मुलं तो लिहायला विसरून अर्धा मार्क घालवत होती. तो सी कशासाठी असतो, हे तिघांना त्या भांडणात कळतं. सरांनीही ते सांगितलेलं असतं, बहुधा पहिल्याच तासाला. पण तेव्हा कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांना हे वेगळ्या वाटेनं उमगलं. ते उत्तम शिकवतात, असा त्यांचा लौकिक होता. मुलांना साध्या संकल्पनाही पक्क्या कळत नाहीत, हे एका चाचणीतून त्यांच्या ध्यानात आलं. त्यातलाच एक प्रश्न त्यांनी वर्गात घेतला. एकदा समजावला, दुसऱ्यांदा समजावला, तरी चेहरे कोरेच. अखेर वैतागून ते म्हणाले, शेजाऱ्याशी बोला. वर्गात एकच गलका झाला आणि थोड्याच मिनिटांत बहुतेकांना उत्तर सापडलं. १९९१पासून त्यांनी व्याख्यान कमी करून हीच रीत धरली आणि १९९७मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं कारण असं, की प्राध्यापकाला ती गोष्ट कळून इतकी वर्षं झालेली असतात, की ती न कळणं म्हणजे काय हेच तो विसरलेला असतो. शेजारचा मुलगा कालच तिथं ठेचकाळला, त्याला दगड कुठं आहे ते आठवतं.

मुलांनी मुलांना शिकवण्याची कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे, आणि तिची एक बाजू माझूर किंवा ट्राइसमन यांच्या कल्पनेच्या अगदी उलट आहे. १७८९मध्ये स्कॉटलंडचे अँड्र्यू बेल मद्रासच्या एग्मोरमधल्या अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक झाले. स्थानिक शाळांमध्ये मुलं वाळूवर बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. आपल्याकडची धूळपाटी तीच. त्यांच्या शाळेतले शिक्षक ही रीत धरायला तयार होईनात, तेव्हा बेल यांनी आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्किन या मुलाच्या हाती वर्ग दिला आणि तो चालला. पुढं याच कल्पनेवर इंग्लंडमध्ये एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या. मॉनिटर हा शब्द आपल्या शाळांत अजून आहे तो त्याच काळापासून. पण मॉनिटरला जेवढं येतं तेवढंच तो खाली देतो. अक्षरं, पाढे, स्पेलिंग यांपर्यंत हे जमतं. समोरच्याचं बरोबर आहे की आपलं, हे मॉनिटरलाही ठाऊक नसतं, तिथं ही व्यवस्था संपते. साइन-कॉसच्या भांडणात तर कुणीच मॉनिटर नव्हता.

एकट्यानं करायचं, कुणाची मदत घ्यायची नाही, हीच गणिताची खरी शिस्त, असं मानणारेही काही साधेसुधे लोक नव्हेत. आर. एल. मूर हे १९२० ते १९६९ एवढा काळ ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकवत होते. त्यांच्या वर्गात पुस्तक उघडायला बंदी, आणि आपसांत चर्चा करायला तर सक्त मनाई. ते व्याख्या देत, प्रमेय देत, सिद्धता ज्याची त्यानं शोधायची. त्यांच्या हाताखाली ५० जणांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्यांतले बरेच जण अमेरिकेतले नामवंत गणिती झाले. हे यश नाकारता येत नाही. तेच मूर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घ्यायला तयार नव्हते, हेही नाकारता येत नाही. विद्यापीठानं गणित विभागाच्या इमारतीला मूर यांचं नाव दिलं. १९८८मध्ये, बर्कलीच्याच धर्तीवर, वेगवेगळ्या वर्णांच्या मुलांना एकत्र बसवून कॅल्क्युलस करायला लावणारा कार्यक्रम याच विभागात सुरू झाला. तो ट्राइसमन यांनी बर्कलीत बसवलेल्या रीतीवर उभा होता आणि पुढं तेही याच विद्यापीठात आले. इमारतीवरचं मूर यांचं नाव उतरवायला मात्र २०२० साल उजाडलं.

तरी मूर यांची रीत नुसती झटकून टाकण्यासारखी नाही. वर्गाबाहेर बोलायचं नाही हे खरं, पण वर्गात एकजण फळ्यावर सिद्धता मांडायचा आणि बाकीचे त्यात भोक शोधत बसायचे. म्हणजे ऐकणारे आणि आडवे येणारे सोबती त्यांनाही लागतच होते. आणि बर्कलीतल्या चिनी मुलांचं वेळापत्रक पुन्हा पाहिलं, तर संध्याकाळच्या गप्पांआधी आठ-दहा तास एकट्याचेच होते. ज्यानं गणिताशी आधी एकट्यानं झटापट केलेली नाही, त्याला मित्राच्या सांगण्यातलं काय घ्यायचं हेच कळत नाही. तो उतरवून घेतो. बिनउत्तराचं डोकं घेऊन गटात जाऊन बसणं आणि रात्री व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर “अरे कुणीतरी ५.२ चा फोटो टाका” असं लिहिणं, यांत फरक फारसा नाही.

महाराष्ट्रात सोबत्यांची ही मदत सर्वांत जास्त लागते ती अकरावीच्या पहिल्या काही महिन्यांत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी विज्ञान शाखेत येते, तेव्हा सगळं एकदम इंग्रजीत होतं. तिला एकसामयिक समीकरणं झोपेतही सोडवता येत असतात. वर्गात ‘सायमल्टेनियस इक्वेशन्स’ ऐकल्यावर ती दोन तास हे काहीतरी नवं प्रकरण आहे असंच समजून बसते. सरांना विचारायला ती उठत नाही. मागच्या बाकावरची सेमी-इंग्रजीतली मैत्रीण कुजबुजते, “अगं, ते दोन चलांचंच आहे.” एवढ्यावर तिचं सुटतं. खरं तर मराठीत कॅल्क्युलस नव्हतं असं नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ‘शून्यलब्धि’ हे पुस्तक मराठीत लिहिलं होतं, आणि ते १८४६मध्ये गेले. त्यानंतर इतक्या वर्षांनी हा विषय मराठीत समजावून देण्याचं काम बहुतेक वर्गांत बाकावरच्या मैत्रिणीच करतात, तेही दबक्या आवाजात.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची एमएचटी-सीईटी पर्सेंटाइलवर चालते. म्हणजे आपल्याला किती येतं यापेक्षा आपल्या खाली किती जण आहेत, यावर आकडा ठरतो. क्लासचे सर दर आठवड्याला चाचणीची क्रमवारी भिंतीवर लावतात. मुलं त्यावरून हिशोब काढतात, की मित्राला जितकं समजावून सांगू तितके आपण खाली जाऊ. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हा हिशोब एकदा नीट मांडायला हवा. समजा, परीक्षेला ३ लाख मुलं बसली आणि आपण समजावून दिल्यामुळे एक मित्र आपल्या पुढं गेला. आपलं पर्सेंटाइल उतरेल ०.०००३३ नं. आणि समजावताना आपल्याच डोक्यातला एखादा घोळ सुटून एक प्रश्न जास्त बरोबर आला, तर २ गुण वाढतील, कारण सीईटीत गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला तेवढे गुण असतात. त्या दोन गुणांवर हजारो मुलं मागं पडू शकतात. भिंतीवरच्या यादीत चाळीस नावं असतात म्हणून चाळीसच जण स्पर्धेत आहेत असं वाटतं, आणि सगळा घोटाळा तिथंच होतो.

बोर्डाची परीक्षा या बाबतीत बरी. तिथं मित्राचे मार्क आपल्या मार्कांतून वजा होत नाहीत, आणि उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात. पायऱ्यांवर मार्क असले, की मुलं एकमेकांच्या पायऱ्या बघतात. चार पर्यायांतून नुसता एक निवडायचा असेल, तर बघण्यासारखं काही उरतच नाही. “तुझं काय आलं?” “सी.” “माझंही सी.” संपलं.

राहता राहिला प्रश्न जागेचा. पुण्यातल्या पेठांत आणि आता तालुक्यातालुक्यांत अभ्यासिका निघाल्या आहेत. लाकडी खुराडी, प्रत्येकाला एक दिवा, एक प्लग, आणि भिंतीवर ‘शांतता राखा’. वह्या सगळ्या तिथं भरतात, पण तोंड उघडायचं तर जिना उतरून चहाच्या टपरीवर यावं लागतं. क्लासच्या जाहिरातीचं पत्रक उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी समीकरण मांडतो. एक्सचा वर्ग बरोबर चार एक्स. दोन्हीकडचा एक्स उडवला, एक्स बरोबर चार.

“आणि शून्य कुठं गेलं?”

“कुठलं शून्य?”

“एक्सला शून्य घाल की. दोन्हीकडं शून्य येतं. तू एक्सनं भागलंस आणि एक उत्तर गायब केलंस. शून्यानं भागतात का?”

हा नववी-दहावीतला मुद्दा आहे. सगळ्यांना तो माहीत असतो आणि सगळे तो विसरलेले असतात. पण ज्याचं चुकलं तो गप्प बसत नाही. त्याला राग आलेला असतो, आणि रागात तो आयुष्यातला सर्वांत चांगला प्रश्न विचारतो. “मग डेरिव्हेटिव्ह काढताना आपण एचनं भागतो, आणि शेवटी तोच एच शून्य करतो. ते कसं चालतं?”

१७३४मध्ये जॉर्ज बर्कली नावाच्या आयरिश बिशपनं ‘द ॲनॅलिस्ट’ या पुस्तिकेत न्यूटनच्या कॅल्क्युलसवर जवळपास हाच आक्षेप घेतला होता. कॅलिफोर्नियातल्या त्या विद्यापीठाच्या गावाला नाव मिळालं ते याच बिशपचं. आक्षेप बिनतोड होता. त्याला गणितानं नीट उत्तर दिलं ते एकोणिसाव्या शतकात, आधी कोशी आणि मग वायरश्ट्रास यांच्या हातून. टपरीवर कोशी कुणी वाचलेला नसतो. एकजण म्हणतो, एच शून्य होत नाही, नुसता जवळ जातो. दुसरा म्हणतो, मग शेवटच्या ओळीत शून्य का लिहितोस? तिसरी पत्रकाच्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत एक वक्ररेषा काढून त्यावर दोन बिंदू देते आणि त्यांतून जाणारी रेघ ओढते. चहावाला पुढचे तीन कटिंग न विचारताच ठेवून जातो.